तालमीच्या खोलीची किल्ली

कार्यक्रम संपत आला आणि प्रेक्षक खुर्चीखाली पायाने चपला चाचपू लागले की मी माइककडे जातो. रत्नागिरीत लोक मला ओळखतात ते एवढ्यासाठीच. नोकरी मी कोर्टात केली, बेंच क्लार्क म्हणून, पण शहराच्या दृष्टीने मी आभार मानणारे भाऊ. आमच्या सांस्कृतिक मंडळात प्रास्ताविक करायला चार जण भांडतात, पाहुण्यांची ओळख करून द्यायला सहा, आणि समईची वात पेटवायला तर रांग लागते. आभार मानायला कोणी पुढे येत नाही, कारण आभार कोणी ऐकत नाही. लोक ते सहन करतात, तेही उठता उठता. इतकी वर्षं इतक्या जणांचे आभार मानून माझ्या मनात कोणाविषयीच कृतज्ञता शिल्लक राहिलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना ते उपयोगी पडेल.

मंडळाचं स्वतःचं सभागृह आहे. फार मोठं नाही, पण आपलं आहे. रंगमंचाच्या मागे, त्याला लागून एक खोली आहे. चिऱ्याच्या भिंती, कोब्याची जमीन, खाडीकडच्या बाजूला एक खिडकी. तिला आम्ही तालमीची खोली म्हणतो. सभागृहाच्या जुन्या नकाशात त्या चौकोनात एकच शब्द लिहिलेला आहे: तालीम. ती बांधणाऱ्याने एक शहाणपण केलं होतं. खोलीची लांबी-रुंदी त्याने बरोबर रंगमंचाइतकी ठेवली. त्यामुळे खोलीत बसवलेलं नाटक उचलून रंगमंचावर नेलं, की एक पाऊलसुद्धा बदलावं लागत नाही. असली सोय मी दुसरीकडे पाहिलेली नाही, आणि जे दुसरीकडे नाही त्याची किंमत आपल्याकडे कोणालाच नसते.

त्या खोलीत नाटक बसवायच्या त्या एक बाई. दिवसा पोस्टात काउंटरवर बसायच्या, संध्याकाळी सहाला कुलूप उघडायच्या, साडेआठला बंद करायच्या. स्पर्धेसाठी दर वर्षी एक नाटक. त्यांच्या नटांना दिवसा दुसरे उद्योग होते. एक बँकेत कॅशियर, इतका किडकिडीत की पंख्याखाली उभा राहिला की आम्हाला काळजी वाटायची. दुसरा लांज्याच्या काजूच्या कारखान्यात पोती उचलणारा, दाराएवढा माणूस. तो कामावरून एसटीने यायचा आणि शेवटच्या एसटीने परत जायचा. बाकीचेही असेच. नाटक उभं करताना बाई जमिनीवर ऑइलपेंटने खुणा करायच्या: इथे दार, इथे जिना, इथे पलंग. प्रत्येक नाटकाचा रंग वेगळा. जुनी खूण कधी पुसली नाही. त्यामुळे जमिनीवर वीसेक घरं एकमेकांवर आखलेली होती. नवखा नट हिरव्या दारातून आत यायचा, निळ्या जिन्यावर चढायचा आणि बाईंच्या शिव्या खायचा.

खोलीची किल्ली बाईंकडे असे. जुन्या पडद्याच्या लाल मखमलीची चिंधी तिला बांधलेली होती, पोस्टाच्या किल्ल्यांत ती मिसळू नये म्हणून.

मग आमच्या मंडळाला भागीदार मिळाला.

आंब्याचा रस डब्यांत भरून परदेशी धाडणारी ती एक कंपनी. तिला अचानक संस्कृती आवडू लागली. या आजाराची साथ हल्ली सगळीकडे आहे. पूर्वी व्यापारी मंडळी नाटकाला येत, पहिल्या रांगेत बसत, मध्यंतरात वडे खात आणि घरी जात. कलेवर त्यांचे उपकार असत ते एवढेच, आणि ते पुरेसे होते. आता त्यांना कलेबरोबर ‘प्रवास’ करायचा असतो.

आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. समोरच्या माणसाचं तोंड उघडं असताना आपण एकट्यानेच बोलायचं, ही त्यांची धंद्यातली सवय. मंडळाच्या बैठकीतही ती सुटलेली नाही. त्यांनी जाहीर केलं की कंपनी सभागृहाचं नूतनीकरण करून देणार, आणि बदल्यात काही नको, फक्त नाव. फक्त नाव म्हणजे काय ते पुढे कळलं: दारावर, पडद्यावर, खुर्च्यांच्या पाठीवर, आणि स्वच्छतागृहात हात कोरडे करण्याच्या यंत्रावर.

कंपनीच्या वतीने एक मॅडम आल्या. संस्कृती आणि समाज-भागीदारी प्रमुख. त्या वाढल्या होत्या पुण्यात, एका पेठेत. मराठी त्यांची चांगली होती, पण मराठी शब्दाला त्या एकट्याने बाहेर पाठवत नसत, सोबतीला एक इंग्रजी शब्द द्यायच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी सभागृह फिरून पाहिलं, जुना नकाशा मागून घेतला आणि एका चौकोनावर बोट ठेवून त्या खरोखरच आनंदल्या.

“अय्या, तुमच्याकडे तालीमसुद्धा आहे?”

“आहे तर!” डॉक्टर म्हणाले. “फार जुनी.”

“आणि चालू आहे?”

“रोज,” डॉक्टर म्हणाले. “रोज संध्याकाळी घाम गाळतात मंडळी.”

यात एकही शब्द खोटा नव्हता. मी तिथेच उभा होतो.

कराराचा मसुदा आला तेव्हा तो माझ्याकडे दिला गेला, मी कोर्टातला म्हणून. मी लाल पेन घेऊन दुपारभर बसलो. ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, तीन ठिकाणी ‘अंतर्गत’च्या जागी ‘खाली’ केलं, आणि एकूणच मराठी भाषेवर उपकार केल्याच्या समाधानात होतो. शेवटच्या परिशिष्टात एक ओळ होती: ‘तालमीचे पुनरुज्जीवन’. पलीकडच्या इंग्रजी रकान्यात त्यासमोर छापलं होतं, ट्रॅडिशनल जिम्नॅशियम. मी ते वाचलं. न वाचल्याची सबब मला नाही. मनात आलं, हे कंपनीच्या दुसऱ्या कुठल्या तरी गावच्या कामाचं इथे चुकून आलेलं दिसतं. परिशिष्टं कोण वाचतो, असं म्हणून मी पान उलटलं. सगळी नोकरी मी लोकांनी न वाचता सह्या केलेल्या कागदांना मनातल्या मनात हसण्यात घालवली. त्याची फेड अशी झाली.

घाट उतरून आलेल्या माणसाला, पुण्याच्या काय किंवा कोल्हापूरच्या काय, तालीम म्हटलं की लाल माती, लंगोट आणि मारुतीची तसबीर दिसते. आमच्याकडे लाल माती पायाला लागते ती फुकट, तिच्यात मुद्दाम लोळायला कोणी जात नाही. रत्नागिरीत तालीम म्हणजे नाटकाची. एकच शब्द, आणि मध्ये सगळा सह्याद्री. मॅडमनी आपल्या बाजूचा अर्थ घेतला, डॉक्टरांनी आपल्या बाजूने होकार दिला, आणि दोन्ही अर्थ ज्याच्या टेबलावर शेजारी शेजारी छापून आले होते तो मी वेलांट्या दुरुस्त करत होतो.

करारावर सह्या झाल्यावर आधी एक कार्यशाळा झाली. विषय होता कलेतील नेतृत्व. शनिवारी सकाळी आम्हा सगळ्यांना गोल खुर्च्या मांडून बसवलं. अलोऱ्याच्या कॉलनीतून दोन हौशी नट पहाटेची गाडी पकडून आले होते, काहीतरी शिकायला मिळेल म्हणून. त्यांना डोळे मिटून आपण कोणता प्राणी आहोत याची कल्पना करायला सांगण्यात आलं. डॉक्टर सिंह झाले. मी डोळे उघडे ठेवले होते, म्हणून मला पाहता आलं की बाईंनीही उघडेच ठेवलेत, आणि त्या घड्याळाकडे बघताहेत.

मग मॅडमनी फळ्यावर एक त्रिकोण काढला. “नाटकाच्या ग्रुपमध्ये सगळ्यात वर कोण असतं? तुमचा लीडर कोण?”

कॅशियर म्हणाला, “दिग्दर्शक.” त्याला नेहमी बरोबर उत्तर येतं, म्हणून तो कॅशियर.

“छान. अजून?”

लांज्याचा गडी बराच वेळ विचार करून म्हणाला, “जिच्याकडं किल्ली ती.”

“म्हणजे सक्सेसची किल्ली!” मॅडम खूश झाल्या आणि त्यांनी ते त्रिकोणाच्या टोकावर लिहिलं.

“नाय वो मॅडम,” तो म्हणाला. “खोलीची. बाय नाय आल्या तर आमी भायेर पायरीवर.”

सगळे हसले. मॅडमही हसल्या, पण फळ्यावरचं पुसलं नाही. दुपारी जेवणात पुरणपोळी होती. त्या दिवसातली अर्थपूर्ण गोष्ट तेवढीच.

त्याच संध्याकाळी हस्तांतरणाचा समारंभ झाला. नूतनीकरण होईपर्यंत खोल्यांच्या किल्ल्या कंपनीकडे द्यायच्या होत्या. डॉक्टरांनी थर्माकोलची हातभर लांब किल्ली करून घेतली होती, सोनेरी रंगाची. ती ताटात ठेवून रंगमंचावर दिली गेली, फोटो झाले. बाईंनी आपली खरी किल्ली पायऱ्यांपाशी मॅडमच्या हातात ठेवली.

“दीड महिन्याने स्पर्धा आहे माझी,” बाई म्हणाल्या. “पंधरा दिवसांत द्याल ना?”

“प्रॉमिस,” मॅडम म्हणाल्या, आणि किल्ली चिंधीसकट पर्समध्ये गेली. नंतर मी आभार मानले. आभारांत त्या सोनेरी थर्माकोलचे आभार आले, खरी किल्ली राहून गेली.

पंधरा दिवसांनी बाई माझ्या घरी आल्या. बसल्या नाहीत. पाणी विचारलं, नको म्हणाल्या.

“भाऊ, चला माझ्याबरोबर.”

खोलीला आता काचेचं दार होतं. कुलूप मात्र आमचं जुनंच होतं, कारण ते चांगलं होतं आणि कंत्राटदाराला बदलायचा कंटाळा आला होता. आम्ही काचेतून पाहिलं. जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत काळ्या रबराच्या लाद्या. एका बाजूला पूर्ण भिंतभर आरसा. दुसऱ्या बाजूला मुद्गल ओळीने टांगलेले आणि त्यांच्यामध्ये मारुतीची मोठी तसबीर. मध्ये चालण्याची दोन यंत्रं, कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी. दारावर पाटी: वारसा तालीम.

बाई बराच वेळ काचेला नाक लावून उभ्या होत्या. त्या रबराखाली काय आहे ते मला माहीत होतं.

“तुम्ही वाचलं होतंत ना करार?” त्यांनी विचारलं.

“वाचला होता.”

“मग?”

मी जे सांगितलं ते वर लिहिलं आहे. त्यांनी ऐकून घेतलं. पोस्टाच्या काउंटरवर चुकीचा पिनकोड लिहिलेल्या माणसाकडे जसं बघतात तसं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “कोर्टात किती जणांना फाशी दिलंत हो असं?”

आम्ही डॉक्टरांकडे गेलो. दवाखान्यात एक माणूस तोंड उघडून पडला होता. डॉक्टरांनी आम्हाला तसंच उभं ठेवून ऐकलं. त्यांना आठ दिवसांपूर्वीच कळलं होतं.

“मग बोलला का नाहीत?” बाई म्हणाल्या.

“अहो बाई, जरा समजून घ्या. एवढ्या प्रेमाने त्यांनी केलं. तोंडावर कसं सांगायचं, की तुम्ही चुकलात म्हणून? बरं दिसतं का ते?”

“माझं नाटक कुठे बसवू?”

“गच्चीवर बसवा की. मोकळी हवा.”

“गच्ची रंगमंचाच्या निम्मी आहे, डॉक्टर. आणि वारा वाक्य पुढे जाऊ देत नाही.”

खुर्चीतल्या माणसाने काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. डॉक्टरांनी त्याला तोंड उघडं ठेवायला सांगितलं.

बाईंनी तिथूनच मॅडमना फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. बाईंनी सगळं सांगितलं. मग मॅडम अगदी हळू म्हणाल्या, “बाई, मला कळतंय. पण हेड ऑफिसला रिपोर्ट गेलाय. मोठ्या साहेबांचे आजोबा पैलवान होते. ही तालीम बघायला ते स्वतः येताहेत. आता नॅरेटिव्ह सेट झालंय.”

म्हणजे चूक सगळ्यांना कळली होती. ज्याच्या एका शब्दाने ती सुधारली असती त्या एका माणसाला तेवढी ती सांगायची नाही, हे सगळ्यांचं न बोलता ठरलं होतं. फळ्यावर त्रिकोण काढून जे नेतृत्व आम्हाला शिकवलं होतं त्याचा मधला भाग हाच असावा: खालचं वर जाणार नाही याची काळजी घेणं.

नाटकवाल्यांनी मग आठवडाभर जमेल तिथे तालीम केली. एकदा शाळेच्या व्हरांड्यात, एकदा कॅशियरच्या घरी, जिथे जिन्यावरून उतरायचं वाक्य नट कपाटाजवळ उभा राहून म्हणत होता. ते नाटकच दोन मजली घराचं होतं. पात्रं कुठून किती पावलांत येतात यावर सगळं उभं होतं. बाईंचा आवाज बसला. वर्षभर एका नाटकासाठी जगणारी ती माणसं होती, आणि ते नाटक डोळ्यांदेखत मोडत होतं.

अशात मॅडमचा मला फोन आला. बाईंना करायचं धाडस झालं नसावं. मोठे साहेब शनिवारी येणार, त्यांना प्रात्यक्षिक बघायचंय, आणि कोल्हापूरचे पैलवान जत्रांमुळे मिळत नाहीयेत. “भाऊ, तुमच्याकडे कलाकार आहेत ना? फक्त दहा मिनिटं. थोडं दंड-बैठका, एक छोटी कुस्ती.”

मी हे बाईंना सांगितलं तेव्हा माझी समजूत होती की त्या पोस्टाचा शिक्का माझ्या कपाळावर मारतील. त्या म्हणाल्या, “कुस्ती बसवायला किती दिवस आहेत?”

“चार.”

“पुरतील. पण किल्ली पाहिजे. वचन नको, किल्ली. आणि ती त्या मोठ्या साहेबाच्या हातून, लोकांसमोर. म्हणजे मग परत कोणाला मागता येणार नाही.”

“हे स्टेजवर बोलणार कोण? सगळी भाषणं मॅडम आधी तपासून घेतात. डॉक्टरांचंसुद्धा.”

“तुमचं तपासतात?”

मी विचार केला. माझं आजवर कोणी तपासलं नव्हतं. जे कोणी ऐकत नाही ते तपासणार कोण?

“पण बाई, तोच तर घोळ आहे. मी उभा राहिलो की लोक उठतात. साहेबसुद्धा उठेल.”

“नाही उठणार,” बाई म्हणाल्या. “ते माझ्याकडे लागलं.”

कुस्ती बसली भाट्याच्या वाळूत, दुपारच्या ओहोटीला. पर्यटक उंटावरून उतरून बघायला थांबत. कॅशियरला शड्डू ठोकायला शिकवायला दोन दिवस गेले. त्याच्या मांडीला आवाजच येत नव्हता.

“जरा जोरात मार ना,” बाई ओरडल्या.

“बाई, लागतं हो.”

“लागायलाच हवं. तू पैलवान आहेस.”

“मी कॅशियर आहे.”

“ते दहा ते पाच.”

लांज्याचा गडी त्याला उचलायचा आणि इतक्या जपून खाली ठेवायचा, की वाटे काजूगर पाटीत ठेवतोय. “मोडंल वो बाय ह्यो,” तो म्हणायचा. “परत कुठं गावायचा?”

शनिवारी सभागृह भरलं. मोठे साहेब साधे निघाले. पांढरी दाढी, मुंबईत राहून गंजलेलं मराठी, आणि डोळ्यांत खरं कुतूहल. त्या संध्याकाळी तिथे आलेला प्रामाणिक माणूस बहुधा तो एकच होता, म्हणूनच त्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. फीत कापून तो खोलीत गेला, मारुतीच्या तसबिरीला हात जोडले आणि मुद्गलावरून हात फिरवला. मॅडम त्याच्याकडे न बघता छताकडे बघत होत्या.

मग भाषणं. डॉक्टरांनी रत्नागिरीच्या कुस्तीच्या वैभवशाली परंपरेविषयी वीस मिनिटं सांगितलं. एवढ्या सहजपणे नसलेल्या गोष्टीचा इतिहास सांगणारा माणूस दात काढण्यात आयुष्य घालवतो, हे शहराचं नुकसान आहे. प्रेक्षकांत बँकेतली मंडळी होती, पोस्टातली होती. कॅशियर अर्ध्या चड्डीत, अंगाला तेल लावून, फेटा बांधून आला तेव्हा कोणी हसलं नाही. आपल्या माणसाची अशी वेळ आली की रत्नागिरीकर हसत नाहीत, ते घरी जाऊन हसतात.

दंड झाले, बैठका झाल्या. सलामी झाली. मग पकड बसली. लांज्याच्या गड्याने कॅशियरला मागून कमरेत धरलं, अर्धवट उचललं, आणि दोघं तसेच थांबले. बाईंनी विंगेतून माझ्याकडे बघून मान हलवली. मी माइककडे गेलो.

कोणीही उठलं नाही. उठणार कसे? कुस्ती चालू होती. सगळे पुढच्या डावाची वाट बघत होते आणि कान मोकळे होते. जन्मात पहिल्यांदा लोक माझं ऐकत होते, आणि ते समोर हवेत लोंबकळणाऱ्या एका कॅशियरमुळे.

मी म्हणालो, “तालमीसाठी ही खोली दिल्याबद्दल मंडळ कंपनीचं आभारी आहे. उद्यापासून रोज संध्याकाळी सहा ते साडेआठ इथे तालीम होईल. त्या वेळेत खोली फक्त तालीम करणाऱ्यांसाठी असेल. तालमीच्या रिवाजाप्रमाणे किल्ली वस्तादांकडे राहते. आमच्या वस्ताद इथे आहेत. मोठ्या साहेबांना विनंती, की त्यांनी आपल्या हाताने किल्ली त्यांना द्यावी. कुस्ती त्यानंतर सुटेल.”

डॉक्टरांचं तोंड उघडं राहिलं. या वेळी बोलणारा दुसरा होता.

बाई विंगेतून पुढे आल्या. साध्या साडीत, चष्मा लावून. साहेब थक्क झाले. “बाई वस्ताद?” ते म्हणाले आणि टाळ्या वाजवायला लागले. त्यांच्या मागे सगळं सभागृह. त्यांनी टेबलावरची सोनेरी थर्माकोलची किल्ली दोन्ही हातांनी उचलून बाईंपुढे धरली.

“ही नको, साहेब,” बाई म्हणाल्या. “कुलपाला लागते ती.”

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मागून दबलेला आवाज आला, “बाय, आवरा. ह्येचा तोल जातोय.” मॅडमनी पर्स उघडली. लाल चिंधी दिसली. साहेबांनी ती किल्ली बाईंच्या तळहातावर ठेवली, आणि बाईंनी मूठ मिटली. मग लांज्याच्या गड्याने कॅशियरला अगदी अलगद चीतपट केलं.

दुसऱ्या दिवशी सहाला बाईंनी कुलूप उघडलं. रबराच्या लाद्या उचलून भिंतीला रचल्या. कंत्राटदाराने खाली डिंकासारखं काहीतरी फासलं होतं. लाद्यांबरोबर बऱ्याचशा खुणा निघून आल्या. हिरवं दार पूर्ण गेलं, निळ्या जिन्याच्या दोन पायऱ्या राहिल्या. बाईंनी पिवळ्या रंगाचा नवा डबा उघडला आणि खाली वाकल्या. चालण्याच्या यंत्रांपैकी एकाचा त्यांनी सोफा केला. दुसऱ्यावर नटांच्या पिशव्या.

त्या वर्षी स्पर्धेत नाटकाला काही मिळालं नाही. तालमीचे गेलेले दिवस दिसत होते. कंपनीच्या गुळगुळीत पुस्तिकेत मात्र पानभर फोटो आला: हवेत उचललेला कॅशियर, खाली ‘रत्नागिरीची मल्लपरंपरा’. बँकेत त्याला आता पैलवान म्हणतात. बाईंनी पुस्तिका चाळली आणि मला परत दिली.

“मी एवढी वर्षं नाटकं बसवली,” त्या म्हणाल्या. “फोटो आला तो याचा.”

माझ्याशी त्या पूर्वीसारखं बोलत नाहीत. कामापुरतं बोलतात. परिशिष्ट मी वाचलं होतं हे त्यांनी सोडलेलं नाही, आणि सोडावं असं मलाही वाटत नाही. कुस्तीचं प्रात्यक्षिक आता दर वर्षी करावं लागतं. साहेब आवर्जून येतात. खोली त्यावरच टिकून आहे.

भागीदारीने एक धडा मात्र घेतला. आता आभारप्रदर्शनाचा मसुदाही चार दिवस आधी मॅडमकडे पाठवायचा असतो. पहिल्या वर्षी पाठवला तेव्हा तो परत आला. ‘तालीम’ या शब्दाखाली लाल रेघ होती आणि समासात प्रश्न: इथे व्यायामाची अपेक्षित आहे की नाटकाची, कृपया स्पष्ट करावे.

मी त्याखाली ‘होय’ असं लिहून कागद परत पाठवला.